दुसरी आवृत्ती, पण कोणाच्या बालपणाची?

पुस्तक प्रदर्शनात हा गृहस्थ हमखास दिसतो. पन्नाशीला टेकलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. स्पर्धा परीक्षांच्या टेबलाकडे तो ढुंकून बघत नाही, पाककृतींपाशी रेंगाळत नाही, पण बालसाहित्याच्या कोपऱ्यात आला की जागीच थबकतो. समोर ‘फास्टर फेणे’चा संच असतो, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला. ‘‘अगं, हे बघ!’’ तो म्हणतो मुलीला, पण बोलतो स्वतःशीच. मुलगी मान वर करून बघते आणि हातातल्या ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’मध्ये परत शिरते. गृहस्थ संच उलटापालटा करतो, किंमत बघतो, सवलत किती ते विचारतो. प्लॅस्टिक काही फोडत नाही. कार्ड पुढे करतो.

घरी तो संच दिवाणखान्यातल्या कपाटात जातो. मुलीच्या खोलीत जात नाही. याला अपवाद असतील, असायलाच हवेत. पण जुन्या बालपुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचा जो काही उत्साह गेली काही वर्षं मराठीत दिसतो आहे, त्याचा खरा गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या कपाटात आहे. लहान मुलांच्या हातात स्वतःचे फारसे पैसे नसतात, त्यामुळे बालपुस्तकं सहसा मोठी माणसंच विकत घेतात. फरक इतकाच की नवं पुस्तक घेताना मोठा माणूस थोडा तरी मुलाचा विचार करतो. जुनं घेताना तो बहुधा स्वतःचाच करतो.

यात पाप काही नाही. माणसं जुनी गाणी ऐकतात, शाळेच्या वर्गमित्रांचे गट करून एकमेकांना शुभ सकाळ पाठवतात, तसंच हे. कुरकुर आहे ती वेगळी. जुन्या बालपुस्तकाचं पुनर्मुद्रण दोन कारणांसाठी करता येतं. एक, ज्यांनी ते लहानपणी वाचलं त्यांना ते परत भेटावं म्हणून. दुसरं, ज्यांनी कधीच वाचलं नाही अशा आजच्या मुलांनी ते वाचावं म्हणून. ही दोन पुस्तकं एक नव्हेत. कागद एक नाही, चित्रं एक नाहीत, सोबत द्यायची माहितीही एक नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरंच काहीतरी निघतं. आठवणी असलेल्याला ते ओळखू येत नाही आणि मुलाला ते आपलं वाटत नाही.

फास्टर फेणेचंच घेऊ. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) उभा केलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो आणि चोर, हेर, विमानचोर अशा सगळ्यांना पुरून उरतो. तोंडाने ‘टॉक्’ आवाज काढायची त्याची सवय दोन-तीन पिढ्यांतल्या पोरांनी आईवडिलांचं डोकं उठेपर्यंत उचलली होती. वीसेक पुस्तकांत तो काश्मीरला जाऊन आला, चक्रीवादळात सापडला, प्रतापगडावर चढला. त्याला घडवणारा लेखक स्वतः ‘बालमित्र’ नावाचं मासिक चालवून हात पोळून घेतलेला माणूस होता. ज्यूल व्हर्न मराठीत आणण्याचं कामही त्यांनी केलं. मुलांसाठी लिहिणं हे मोठ्यांच्या साहित्याकडे जाण्याची पायरी न मानता आयुष्यभराचा धंदा मानणारे लेखक मराठीत मोजके. भागवत त्यांतले अग्रणी.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. अमेय वाघने फेणे केला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात भा. रा. भागवतांचीच भूमिका केली. चित्रपट चांगला चालला. पण त्यातला बनेश शाळेतला मुलगा नव्हता. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा तरुण होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने फेणे केला तेव्हा तो पोरगेलाच होता. मधल्या तीस वर्षांत फेणेचा प्रेक्षक मोठा झाला आणि प्रेक्षकाला सोबत म्हणून निर्मात्यांनी फेणेलाही मोठा केला. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी रास्त होता. पण त्यातून जे कबूल झालं ते असं, की फास्टर फेणे आता मुलांचा राहिला नाही, जे कधीकाळी मुलं होते त्यांचा झाला.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात फुरसुंगी गाव पुणे महापालिकेत आलं. महापालिकेत घेतलेल्या अकरा गावांमध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन्ही होती. पुढे ती पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली, तो सगळा राजकारणाचा भाग सोडून देऊ. मुद्दा असा की आजच्या पुणेकर मुलाने ‘फुरसुंगी’ हा शब्द ऐकलाच असेल तर कचरा डेपोच्या संदर्भात. भागवतांच्या वाचकाला फुरसुंगी म्हणजे पुण्याबाहेरचं, सायकलीवर येण्याजोगं खेडं होतं. त्या एका शब्दात फेणेचा स्वभाव होता. गावचा, काटक, शहरी पोरांना पाणी पाजणारा. आज तो शब्द वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही, किंवा आलंच तर भलतंच येतं. तीन ओळींची टीप इथे पुरली असती. ती टीप संचात नसते, कारण संच ज्याच्यासाठी छापला त्याला ती लागत नाही.

आता छापण्याकडे येऊ, कारण खरी नासधूस तिथे होते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

जुनं पुस्तक खिळ्यांवर छापलेलं असे. चित्रांचे जस्ताचे ब्लॉक केलेले असत. छापखाने ऑफसेटवर गेले, खिळे वितळवले गेले, ब्लॉक मोडीत निघाले. चित्रकाराची मूळ चित्रं कोणी जपून ठेवल्याची उदाहरणं विरळा. तेव्हा आज साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा छापायचं म्हणजे आधी त्याची एक धड प्रत शोधायची. ती ग्रंथालयात असते, पिवळी पडलेली, मधलं एखादं पान गेलेलं, बांधणीवाल्याने कडा कापताना चित्रही कापलेलं. मजकूर पुन्हा टाइप करून घेता येतो. चित्रं मात्र स्कॅन करून साफ करावी लागतात आणि ते किचकट, वेळखाऊ काम असतं. रेषाचित्रं तशी निभावतात. करड्या छटांची, ठिपक्याठिपक्यांनी छापलेली चित्रं स्कॅन केली की त्यांवर जाळी उमटते. मग प्रकाशक सोपा मार्ग धरतो. चित्रं गाळतो, नाहीतर संगणकावर नवी करून घेतो, गुळगुळीत, रंगीत, कुठल्याही पुस्तकात चालतील अशी. मुखपृष्ठ तर नवंच.

आणि आठवण असते ती चित्रात. पन्नाशीतल्या माणसाला कथानक विचारलं तर तो चाचरतो. कुठल्या पानावर कोण दारामागे लपलेला काढला होता ते मात्र हातवारे करून सांगतो. ‘चांदोबा’ वाचलेल्या कोणालाही विचारून बघावं. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं ‘चंदामामा’ १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागलं. त्याच वर्षी के. सी. शिवशंकरन तिथे चित्रकार म्हणून रुजू झाले आणि ‘शंकर’ या सहीने पुढची कितीतरी वर्षं चित्रं काढत राहिले. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान आणि मान किंचित वळवून चाललेला विक्रम राजा. वेताळाने कुठली कोडी घातली ते फारसं कोणाला आठवत नाही, हे चित्र मात्र विसरलेला वाचक भेटणार नाही. २०२० मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी शंकर गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. तोवर मासिक बंद पडून काही वर्षं झाली होती. आज विक्रम-वेताळाच्या गोष्टी बाजारात डझनावारी मिळतात, नव्या चित्रांसह. त्या कोणी वाचू नयेत असं नाही. पण ‘चांदोबा’ची आठवण म्हणून त्या घेणाऱ्याच्या पदरी निराशाच पडते.

तीच कथा चित्रकार मुळगावकरांची. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अधिकृतपणे मुलांसाठी नव्हत्या. म्हणूनच मुलं त्या भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचत. हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या माणसाचे झुंजार आणि काळापहाड लोकांच्या मनात बसले त्यात रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांचा वाटा निम्मा तरी असेल. मुखपृष्ठ बदललं की राहतो तो नुसता मजकूर. तोही वाचनीय आहे, पण घाम फुटत नाही.

पुनर्मुद्रित पुस्तकाचं चौथं पान उघडून बघण्याची सवय वाचकांनी लावून घ्यायला हवी. तिथे प्रकाशकाचं नाव असतं, अक्षरजुळणी करणाऱ्याचं असतं, मुद्रणस्थळ असतं, मुखपृष्ठ कोणाचं तेही असतं. आतल्या मूळ चित्रकाराचं नाव पुष्कळदा नसतं. पुस्तक पहिल्यांदा कोणत्या साली निघालं हेही नसतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर ‘प्रथमावृत्ती’ म्हणून परवाचं साल छापलेलं आढळतं. त्याचा अर्थ ‘आमची प्रथमावृत्ती’ असा घ्यायचा असतो म्हणे! मोठ्या वाचकाला हे चालून जातं, त्याला काळ ठाऊक असतो. मुलाला तो ठाऊक नसतो. पुस्तकावर साल नसलं की ट्रंक कॉल, आणे, टांगा, कंदील ही सगळी लेखकाची चूक किंवा अडाणीपणा वाटू लागतो. साल छापायला शाई किती लागते?

मग येतो मजकुराला हात लावण्याचा प्रश्न. या विषयावर आपल्याकडे फार लवकर तलवारी निघतात, आणि त्या बहुतेक परदेशातून आयात केलेल्या असतात. २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांतले ‘जाडा’सारखे शब्द इंग्लंडमधल्या प्रकाशकाने बदलल्याचं उघड झालं, तेव्हा इतका गदारोळ झाला की आठवडाभरातच मूळ मजकुराच्या प्रतीही वेगळ्या छापत राहू असं जाहीर करावं लागलं. त्याआधी एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा २०१० मध्ये आधुनिक करून बघितली होती. वाचकांना ती रुचली नाही आणि सहा वर्षांनी जुनी भाषा परत आणली गेली. या बातम्या वाचून मराठी वाचकही ठासून सांगतो, जुन्या पुस्तकाच्या अक्षरालाही धक्का लागता कामा नये.

अक्षराला धक्का तर केव्हाच लागला आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पांच’, ‘गांव’ असं डोक्यावर टिंबांचं छत्र धरून शब्द चालत. ‘श्यामची आई’ त्या काळातलं, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही त्याच काळातला. आज बाजारात मिळणाऱ्या यांच्या प्रतींत ती टिंबं शोधून सापडत नाहीत. हजारो ठिकाणी मजकूर बदलला आणि एकाही वाचकाने मोर्चा काढला नाही, कारण तो बदल सोयीचा होता. तसा तो बरोबरही होता. दहा वर्षांच्या मुलाला ‘हीं पुस्तकें’ वाचायला लावण्यात पुरुषार्थ काहीच नाही. पण मग ‘एक अक्षर बदलायचं नाही’ या पावित्र्याचा आव आणू नये. काय बदललं, ते कोणी आणि का बदललं, एवढं एका परिच्छेदात लिहून ठेवलं की काम भागतं. मराठी पुनर्मुद्रणांत हा परिच्छेद क्वचित दिसतो. नवी प्रस्तावना असते, पण ती लिहिणारे मान्यवर स्वतःच्या बालपणाबद्दल लिहितात.

जिथे नुसत्या टिंबाचा प्रश्न नसतो, तिथे काय करायचं? ‘श्यामची आई’तला एक प्रसंग बघू. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. त्यात एका रात्री श्याम सांगतो ती हकिगत एका म्हातारीची. ती अस्पृश्य मानलेल्या जातीतली. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आहे आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते, मोळी उचलून दे म्हणते. आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असंही म्हणते.

दहा वर्षांचं मूल इथे अडतं. अडायलाच हवं. आई चांगली आहे हे पुस्तकाने आतापर्यंत त्याला पटवलेलं असतं. मग आंघोळ कशाला? संक्षिप्त, सचित्र, रंगीत प्रती काढणाऱ्यांना यावर दोन उपाय सुचतात. एक म्हणजे तो प्रसंग गाळून टाकणे, दुसरा म्हणजे आंघोळीचं वाक्य तेवढं काढून बाकीचं ठेवणे. दुसरा उपाय पहिल्याहून वाईट, कारण त्यात १९०० च्या आसपासच्या कोकणातली एक सोवळं पाळणारी बाई एकदम आजची सुधारक होऊन बसते आणि तिच्या मनातली ओढाताण नाहीशी होते. ओढाताण हाच तर त्या प्रसंगाचा जीव. त्यापेक्षा प्रकरणाच्या शेवटी चार ओळी लिहिता येतात. हे लिहिणाऱ्या माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून, आणि ते खुलं झालं. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला, हे मुलाला त्या चार ओळींत कळतं. मजकुराला कात्री लावावी लागत नाही आणि मुलाच्या प्रश्नावर झाकणही घालावं लागत नाही. अशी टीप लिहायला अभ्यास लागतो, थोडं धैर्यही. कात्री लावायला दोन्ही लागत नाहीत.

‘श्यामची आई’च्या इतक्या प्रती बाजारात का दिसतात, याचं कारण साधं कायद्याचं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. आधी तो पन्नास होता. रवींद्रनाथ ठाकुरांचं लेखन मोकळं होण्याची वेळ आली तेव्हा १९९२ मध्ये तो दहा वर्षांनी वाढवला. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. छापतोच आहे. काही प्रती नेटक्या आहेत, काहींत मुद्रितशोधन नावाचा प्रकार झालेला नाही, काहींत ‘संपूर्ण’ असं मुखपृष्ठावर छापून आत रात्री, म्हणजे प्रकरणं, कमी भरतात. ताम्हनकर १९६१ मध्ये गेले, तेव्हा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ही आता मोकळे आहेत. दूरदर्शनच्या मालिकेमुळे गोट्या चाळिशी-पन्नाशीतल्यांच्या मनात घट्ट बसलेला असल्याने त्याच्याही आवृत्त्या वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. चिंगीच्या तितक्या निघतील का, याबद्दल शंका आहे. तिची तशी आठवण मनात रुतलेली नाही. मागणी पुस्तकाला नसते, पडद्यावरून मनात उतरलेल्या आठवणीला असते.

भागवतांच्या पुस्तकांचे हक्क मात्र २०६१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहतील. हे चांगलंच आहे, कारण त्यामुळे निदान विचारायला कोणीतरी आहे. ज्या लेखकांचे प्रकाशक बुडाले, करार तोंडी झाले आणि वारस अमेरिकेत की अकोल्यात हे कोणालाच ठाऊक नाही, त्यांची पुस्तकं साठ वर्षं पुरी होईपर्यंत अडकून पडतात. तोवर त्यांची आठवण असलेली पिढीही संपलेली असते.

इथवरची सगळी चर्चा एका ठरावीक घरातली झाली, हेही सांगून टाकायला हवं. ज्या घरात गोट्या आणि फेणे विकत येत, वाचनालयाची वर्गणी भरली जाई, अशा घरातली. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांच्या बालपणात पुस्तक एकच होतं आणि ते बालभारतीचं. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतर शाळेत गेलेल्या प्रत्येकाला, मग तो चंद्रपूरचा असो की चंदगडचा, जी पुस्तकं समान आठवतात ती ही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत घेतलेली, खाकी कव्हर घातलेली, आधीच्या मालकाने चित्रातल्या गांधीजींना मिशा काढून ठेवलेली. अभ्यासक्रम बदलला की ती झाडून सगळी रद्दीत. म्हणूनच मोबाइलवर कोणी जुन्या ‘बालभारती’तल्या एका चित्राचा फोटो टाकला की शेकडो लोक गलबलून येतात. त्यात कलेक्टरही असतात आणि रिक्षावालेही. फास्टर फेणेला हे भाग्य नाही.

आणि नेमकं इथेच एक काम फारसा गाजावाजा न होता नीट झालं आहे. बालभारतीने जुनी पाठ्यपुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली. १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे अंकही तिथे फुकट वाचता येतात. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जसे निघाले तसे, चित्रांसह. नव्याने टाइप केलेलं काही नाही, सजवलेलं काही नाही. साल दिसतं, अंक दिसतो, चित्रकाराची कोपऱ्यातली सही दिसते. आठवण काढायची तर अशी काढावी, खरी आणि फुकट. मोठ्यांची हौस अशी भागत असेल तर कागदावर छापायच्या पुस्तकात प्रकाशकाने मुलाचा विचार करायला काय हरकत आहे?

काही आठवणी छापून परत येतच नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात रशियन पुस्तकांची प्रदर्शनं भरत. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं, जाड गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रं, अनिल हवालदारांसारख्यांचे अनुवाद आणि किंमत खाऊच्या पैशांत बसणारी. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि तो झरा एकाएकी आटला. त्या पुस्तकांच्या चाहत्यांनी ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ हा माहितीपट केला, प्रती जमवल्या, स्कॅन केल्या. कोणी ती पुस्तकं जशीच्या तशी आज छापली तर एकेकाची किंमत काही शेकड्यांत जाईल. मग ती तीच पुस्तकं राहतील का? त्यांच्या आठवणीत गोष्ट आणि चित्र यांच्याइतकीच एका लहान मुलाने स्वतःच्या पैशांनी पुस्तक विकत घेतल्याची फुशारकी आहे. ती किंमत रशियाच्या सरकारी तिजोरीने भरली होती, हे त्या मुलाला तेव्हा माहीत नव्हतं इतकंच.

प्रकाशकाची बाजूही आहे. मराठीत नव्या बालपुस्तकाची हजार-अकराशेची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. चित्रकाराला मानधन द्यायचं, रंगीत छपाई करायची आणि नाव कोणी ऐकलेलं नाही अशा लेखकावर पैसे लावायचे, यापेक्षा आधीच गाजलेलं नाव छापणं केव्हाही बरं. जाहिरात पन्नास वर्षांपूर्वी झालेली असते. हा हिशेब चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. भागवतांनी फेणे लिहिला तेव्हा तोही नवाच होता आणि कोणीतरी त्याच्यावर पैसे लावले होते. आज माधुरी पुरंदरेंच्या यशची आणि राधाची पुस्तकं मुलं स्वतः ओढून घेतात, कारण ती त्यांच्या घराबद्दल, त्यांच्या हट्टाबद्दल बोलतात. तीस वर्षांनी कोणाला तरी त्यांची आठवण येईल आणि तेव्हा त्यांचं पुनर्मुद्रण निघेल. निघताना पुरंदरेंनी स्वतः काढलेली चित्रं त्यात असावीत एवढीच प्रार्थना.

दिवाणखान्यातल्या त्या संचाचं पुढे काय होतं, तेही पाहू. समजा, मे महिन्यातली एक दुपार, वीज गेलेली नाही, इंटरनेटही चालू आहे. मुलीला नुसता कंटाळा आला आहे, म्हणून ती कपाट उघडते, नखाने प्लॅस्टिक फोडते, मधलंच एक पुस्तक ओढते आणि उभ्या उभ्या चार पानं वाचते.

‘‘बाबा, याच्या सायकलला गिअर होते?’’

बाबा सांगायला तोंड उघडतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की आपल्याला आठवत नाही. सायकल आठवते, वेग आठवतो, तो ‘टॉक्’ आठवतो. सायकल कोणती होती, कोणाची होती, कुठून आली, काहीच नाही. चाळीस वर्षं ज्याचं नाव घेतलं ते पुस्तक या चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही उघडलेलं नाही.

‘‘दे बघू इकडे,’’ ते म्हणतात आणि चष्मा शोधायला उठतात.

‘‘थांबा, माझं वाचून होऊ दे.’’